दुसऱ्या आखाड्याची वाट

एका गुरूच्या हाताखाली काही वर्षे काढलेल्या शिष्याने दुसऱ्या गुरूच्या दारी जावे काय, आणि गेल्यास पहिल्या दाराशी त्याचे नाते काय उरते, हा प्रश्न आमच्याकडे गाण्याच्या घराण्यांत पुष्कळ चर्चिला गेला आहे. कुस्तीच्या तालमींतही तो आहेच; परंतु तालमीत त्याची चर्चा होत नाही, एकदम निकालच लागतो. गेल्या पावसाळ्यात हाच प्रश्न अगदी अनपेक्षित वेषाने आमच्यापुढे येऊन उभा राहिला, आणि त्याचे उत्तर शोधता शोधता आम्हांस अंबरनाथाहून चीनला व चीनहून अमरावतीस जावे लागले. वाचकांनीही त्या वाटेने आमच्याबरोबर चार पावले चालावी, एवढ्यासाठी हा लेख.

कल्याणहून कर्जतकडे जाणाऱ्या लोहमार्गावर विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर अशी स्थानके ओळीने लागतात. आमचा एक विद्यार्थी अंबरनाथचा राहणारा. इतिहास विषय घेऊन तो पदवीच्या दुसऱ्या वर्षात शिकत आहे. वयाच्या अकराव्या वर्षापासून तो उल्हासनगरच्या एका कॅम्पात चिनी मुष्टियुद्धाच्या वर्गास जातो. वर्ग म्हणजे एका शाळेचे सभागृह आणि आठवड्यातून तीन संध्याकाळी. शिकविणाऱ्यांस मुले 'मास्टर' म्हणतात. आम्ही येथे त्यांस वस्ताद म्हणू, कारण ते वस्तादच आहेत. त्यांची शिकवण उत्तर चीनमधील 'लांब मुठी'च्या पद्धतीची. घोड्यावर मांड टाकल्याप्रमाणे गुडघे वाकवून मिनिटेच्या मिनिटे स्थिर राहावयाचे, लांब पल्ल्याची पावले टाकावयाची, उंच लाथा मारावयाच्या, आणि हालचालींचे ठरीव संच संध्येच्या मंत्रांसारखे मुखोद्गत, किंबहुना अंगोद्गत करावयाचे. आठ वर्षांत मुलाचे अंग लोखंडासारखे झाले आणि संचलनाच्या वेळी पहिल्या ओळीतील पहिली जागा त्याची ठरून गेली.

गेल्या वर्षी बदलापुरास मावशीकडे मुक्कामाला गेला असता हा मुलगा पहाटे उल्हास नदीच्या बाजूस फिरावयास गेला. तेथे पाचसहा प्रौढ मंडळी अतिशय सावकाश हात हालवीत उभी होती. त्यास प्रथम हा वृद्धांचा सांधे मोकळे करण्याचा व्यायाम वाटला, आणि तरुणपणी असे पाहून जे हसू येते ते त्यासही आले. त्या मंडळींत साठी उलटलेले एक गृहस्थ होते. नोकरीनिमित्त कलकत्त्यास असता तेथील एका चिनी माणसापाशी ही विद्या ते शिकले होते. मुलाचे हसू त्यांनी पाहिले असावे. त्यांनी त्यास जवळ बोलावले, आपली बाही सावरली, आणि "ढकल मला" एवढेच म्हणाले. याने ढकलले. समोर काही नव्हतेच असे त्यास वाटले, आणि दुसऱ्या क्षणी तो स्वतःच्याच जोराने तीन पावले पुढे जाऊन ओल्या गवतात बसला होता. त्या दिवसापासून तो दर रविवारी बदलापुरास जाऊ लागला.

उल्हासनगरास ही वार्ता पोचण्यास दोन महिने लागले. वस्ताद बोलले काहीच नाहीत. पण पुढल्या सरावास त्यांनी त्यास शेवटच्या ओळीत उभे केले. दोन आठवड्यांनी मात्र एवढे सांगितले की, राहावयाचे तर एका घरात राहा. मुलगा आमच्याकडे आला तो या मनःस्थितीत. "सर, इतिहासात असं कुणी केलंय का?" असे त्याने विचारले. इतिहासाच्या प्राध्यापकास असा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. बहुधा परीक्षेत काय येणार एवढेच विचारतात.

वस्तादांची बाजू अगदीच फोल आहे असे आम्हांस वाटत नाही. लांब मुठीच्या शिक्षणात शरीराला जी सवय लागते ती आघात झाला की घट्ट होण्याची, पाय रोवण्याची आणि जोरास जोर देण्याची. नदीकाठी चालले होते ते थायजी. त्यात दोघे समोरासमोर हातास हात लावून उभे राहतात व एकमेकांचा जोर चाचपतात. तेथे नेमकी ही घट्ट होण्याची सवयच माणसास पाडते. सोमवारी जे पुण्य ते रविवारी पाप, अशी विद्यार्थ्याची स्थिती होते. कच्च्या वयात दोन पद्धती एकदम अंगावर घेतल्या तर दोहोंपैकी एकही मुरत नाही, हे कोणताही वस्ताद स्वानुभवाने सांगेल. परंतु हा आक्षेप वेळेपुरता झाला, तत्त्वाचा नव्हे. आठ वर्षांनंतर तो लागू पडत नाही. आणि वस्तादांना दुःख झाले ते काही मुलाच्या गुडघ्यांच्या काळजीने नव्हे.

बोलता बोलता मुलाने आपल्या मनाची समजूत घालण्यासाठी एक युक्तिवाद पुढे केला, तो आमच्या तरुणांत इतका रूढ आहे की त्याचा समाचार घेतल्याखेरीज पुढे जाता येत नाही. तो म्हणाला की, दोन्ही ठिकाणी भिंतीवर वा पुस्तकात बोधिधर्माचेच चित्र आहे. ही सारी विद्या मूळची आपलीच, बोधिधर्माने ती दक्षिण भारतातून शाओलिन मठात नेली. मग दोन घरे कसली? युक्तिवाद गोड आहे, पण इतिहास तसा नाही. शाओलिन मठ इ.स. ४९५ च्या सुमारास बातुओ नावाच्या भारतातून गेलेल्या भिक्षूसाठी स्थापन झाला, एवढे खरे. ६२१ मध्ये तेथील भिक्षूंनी थांग घराण्याच्या बाजूने लढाईत हात चालविला, याची साक्ष ७२८ साली कोरलेल्या मठातील शिलालेखात आहे. परंतु त्यात बोधिधर्माच्या मुष्टियुद्धाचा उल्लेख नाही. ज्या 'स्नायुपरिवर्तना'च्या ग्रंथावर ही कथा उभी आहे तो बोधिधर्माच्या नावावर खपविलेला, पण सतराव्या शतकातला आहे. आणि ही कथा लोकांच्या तोंडी झाली ती विसाव्या शतकाच्या आरंभी, तीही एका चिनी कादंबरीच्या द्वारे. १९३० साली तांग हाओ या चिनी अभ्यासकाने शाओलिन व वुदांग या दोन्ही पीठांच्या उत्पत्तिकथा तपासून त्या निराधार ठरविल्या. हा गृहस्थ स्वतः मुष्टियुद्ध शिकलेला व कायद्याचा पदवीधर, त्यामुळे पुरावा म्हणजे काय हे त्यास ठाऊक होते. मुष्टियोद्ध्यांस ते रुचले नाही, हे सांगावयास नकोच.

यात हिणविण्यासारखे काही नाही. आमच्या मल्लखांबाचीही तीच गत आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरच्या बाळंभटदादा देवधरांस सप्तशृंगीच्या गडावर देवीचा दृष्टांत झाला व मारुतीने वानररूपाने त्यांस मल्लखांब शिकविला, ही कथा सर्वश्रुत आहे. बाळंभटदादांनी त्या विद्येचा जीर्णोद्धार केला, याबद्दल वाद नाही. परंतु मल्लांनी खांबावर मेहनत करावी हे चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' ग्रंथात बाराव्या शतकातच आलेले आहे. मूळ पुरुष देवाजवळ नेऊन बसविण्याची ही हौस निरुपद्रवी दिसते, पण तिचा एक उपयोग ध्यानात ठेवण्याजोगा आहे. मूळ झरा एकच आणि तो आमच्याच अंगणात, असे एकदा ठरले की शेजारच्या विहिरीवर जाण्याचे कारण उरत नाही. गंमत अशी की, चिनी लोक स्वतः बोधिधर्मापेक्षा गुआन यू या योद्ध्याला अधिक भजतात. मुंबईत माझगावास चिनी वसाहतीचे १९१९ सालचे एक लहानसे मंदिर आहे, तेथेही वरच्या मजल्यावर पूजा आहे ती त्याचीच.

आता मुलाच्या प्रश्नाकडे वळू. असे कोणी केले आहे काय? चिनी भाषेत मुष्टियुद्धाच्या संप्रदायास 'मन' म्हणतात, आणि त्या शब्दाचा मूळ अर्थ दार असा आहे. गुरूस 'शिफू' म्हणतात. तो ज्या अक्षरांनी लिहितात त्यांतील एक शिक्षक व दुसरे बाप या अर्थाचे. शिष्य गुरूपुढे साष्टांग नमून दाराच्या आत येतो. आमच्याकडील गंडाबंधनासारखाच हा विधी होय. बापाच्या जागी मानलेल्या माणसास सोडून दुसऱ्या घरी जाणे किती अवघड, हे त्या शब्दांवरूनच समजावे. आणि तरीही ज्या थायजीची मोहिनी आमच्या विद्यार्थ्यास पडली, तिच्या इतिहासात एका अशाच दुसऱ्या दाराची हकीकत मध्यभागी आहे.

उत्तर चीनमधील योंगन्येन गावी वू यूश्यांग नावाचा एक विद्याव्यासंगी गृहस्थ होऊन गेला. जन्म १८१२ चा, घराणे सुखवस्तू व राजकीय परीक्षा देणाऱ्यांचे. दोन भाऊ पुढे मोठे अधिकारी झाले. त्याच गावचा यांग लूचान हा गरीब मनुष्य. दूर हनान प्रांतातील छन घराण्याच्या गावी अनेक वर्षे राहून तो ही मऊ हाताची विद्या शिकून परत आला होता. वू त्याच्याकडे शिकू लागला. परंतु त्याचा भाचा ली इयू याने १८८१ च्या सुमारास जी छोटी प्रस्तावना लिहून ठेवली आहे तीत तो स्पष्ट सांगतो की, यांग सहजासहजी काही दाखवीत नसे, त्यामुळे मामाच्या हाती विद्येचा केवळ आराखडा लागला. यांगला दोष देणे सोपे आहे. पण ज्याने उमेदीची वर्षे परगावी काढून एक वस्तू मिळविली, आणि जिच्यावर त्याचे पोट चालावयाचे, ती त्याने एका श्रीमंत शेजाऱ्यास एकदम ओंजळीत कशी घालावी?

१८५२ मध्ये वू कामानिमित्त हनान प्रांतात गेला. वाटेत त्याने छन घराण्यातील वस्तादांची चौकशी केली, आणि झाओबाओ या गावी छन छिंगपिंग नावाचा जाणता आहे असे कळताच तो त्याच्याकडे गेला. तेथे त्याने किती काळ घालविला? एक महिना आणि काही दिवस. भाच्याच्या म्हणण्याप्रमाणे तेवढ्यात त्यास विद्येचे मर्म सापडले. आम्हांस या हकिकतीत सर्वांत बोधप्रद वाटतो तो हा महिना. पहिल्या गुरूपाशी घालविलेल्या दिवसांखेरीज त्या एका महिन्याला काहीही अर्थ नव्हता. रिकाम्या हाताने झाओबाओस गेलेला मनुष्य महिन्याभरात रिकाम्याच हाताने परतला असता. दुसऱ्या गुरूने त्यास जे दिले ते पहिल्याने भरलेल्या भांड्याचे झाकण उघडण्यापुरतेच असेल. पण ते झाकण पहिला उघडीत नव्हता, हेही तितकेच खरे.

आणि मग दोघांचे वैर झाले काय? परंपरा सांगते ते नेमके उलट. यांग लूचानचा राजधानी पेकिंगात जो प्रवेश झाला व ज्याने त्याचे नाव देशभर झाले, तो वूच्या भावाच्या शिफारशीने. आणि यांगने आपला एक मुलगा लिहिणेवाचणे शिकण्यासाठी वूच्याच घरी पाठविला. आज जगभर यांग आणि वू अशा दोन स्वतंत्र पद्धती या दोन शेजाऱ्यांच्या नावाने चालतात.

हे व्यक्तींचे झाले. संस्थांनी हे दार उघडण्यास आणखी अर्धशतक जावे लागले. १९१० साली शांघाय येथे हुओ युआनज्या या प्रसिद्ध मल्लाभोवती एक व्यायामसंस्था निघाली, तीच पुढे 'जिंगवू' या नावाने ओळखली गेली. हुओ त्याच वर्षी वारला. पण छन गोंगझे आदी तरुण व्यापाऱ्यांनी संस्था चालविली, आणि त्यांनी केलेली गोष्ट त्या काळी धाडसाची होती. भिन्न भिन्न संप्रदायांचे वस्ताद त्यांनी पगारावर एका छपराखाली आणले, प्रत्येक विद्यार्थ्यास आधी दहा संचांचा समान पाया घालून दिला, आणि त्यानंतर त्यास हव्या त्या पद्धतीकडे जाण्याची मुभा ठेवली. शिवाय छायाचित्रे घेऊन ती छापली. गुप्त विद्या छापून विकावयाची, हे कित्येक जुन्या वस्तादांस पाखंडच वाटले असले पाहिजे.

सरकारी प्रयत्न मात्र आरंभीच अडखळला, आणि ती गोष्ट मौजेची आहे. १९२८ मध्ये नानकिंग येथे राष्ट्रीय युद्धविद्येची मध्यवर्ती संस्था निघाली. चालकांनी मोठ्या व्यवस्थितपणे तिचे शाओलिन व वुदांग असे दोन विभाग पाडले. परिणाम व्हावयाचा तोच झाला. दोन्ही विभागांचे प्रमुख, वांग झिपिंग आणि गाओ झेनदोंग, यांची आपसांतच जुंपली, आणि अखेर विभागच मोडून टाकावे लागले. तांग हाओचे पुस्तक याच संस्थेने काढले हे ध्यानात घेतले, म्हणजे त्या उत्पत्तिकथांवर त्याने एवढा घाव का घातला याचा उलगडा होतो.

याच सुमारास महाराष्ट्रात व बडोद्यास काय चालले होते, हे आमच्या मुलांस चीनइतकेही माहीत नसते. बडोद्यास जुम्मादादा नावाच्या मुसलमान वस्तादांचा आखाडा होता. त्यांचे शिष्य प्रोफेसर माणिकराव यांनी तो पुढे चालविला, आणि नाव गुरूचेच ठेवले. जुम्मादादा व्यायाममंदिर म्हणूनच तो प्रसिद्ध आहे. माणिकरावांनी हौद्यातील एकेकट्याची मेहनत शेकडो मुलांच्या सांघिक कवायतीत आणली आणि तिच्या आज्ञा इंग्रजीऐवजी देशी भाषेत बांधल्या. त्याच बडोद्यास दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड १९३६ ते १९४९ या काळात काढले. कुस्तीचे डाव, लाठी, बोथाटी, फरीगदगा, जंबिया, लेझीम, मल्लखांब हे सर्व चित्रांसह त्यात आले. ज्या वस्तूसाठी पूर्वी एकेका वस्तादाचे पाय वर्षानुवर्षे चेपावे लागत, ती घरबसल्या पाहावयास मिळू लागली. पुस्तकावरून कोणी मल्ल होत नाही हे कबूल; परंतु आपला वस्ताद शिकवितो त्याहून निराळे काही जगात आहे, एवढे तरी पुस्तक सांगते.

अमरावतीस वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये श्रीहनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापिले. तेथेही एका वस्तादाची तालीम हे स्वरूप मागे पडून, अनेक विद्यांचा क्रमवार अभ्यास व तो शिकविणारे शिक्षक तयार करणे हे ध्येय पुढे आले. या मंडळाचे पथक १९३६ साली ऑलिंपिक सामन्यांच्या प्रसंगी बर्लिनला गेले व तेथे त्याने हुतूतू आदी देशी खेळ दाखविले. आणि त्याच वर्षी, त्याच शहरी, त्याच प्रसंगी चीनचेही मुष्टियोद्ध्यांचे पथक आले होते. त्यात निरनिराळ्या पद्धतींत तयार झालेले स्त्रीपुरुष होते, स्त्रिया तीन. अमरावतीचे तरुण आणि नानकिंगचे तरुण बर्लिनच्या एका मैदानात, जर्मन प्रेक्षकांपुढे! ज्यांचे आजे आपल्या तालमीचा दरवाजा लावून मेहनत करीत, त्यांचे नातू जगापुढे आपले डाव उघड करीत होते. शाळेच्या पुस्तकांत बर्लिनच्या त्या सामन्यांचा उल्लेख येतो तो ध्यानचंदांच्या हॉकीपुरता; या दोन पथकांची हकीकत वगळली जाते, याचे आम्हांस वाईट वाटते.

पुढची कथा बहुतेकांस ठाऊक आहे. १९७३ च्या ब्रूस ली याच्या चित्रपटाने चिनी मुष्टियुद्ध घरोघर पोचले. आमच्या शाळकरी वयातही व्हिडिओवर तो पाहून गच्चीवर लाथा झाडल्याचे व आईचा मार खाल्ल्याचे आम्हांस स्मरते. हा ली १९६१ पासून अमेरिकेत सिॲटलच्या विद्यापीठाचा विद्यार्थी होता, तेथेच त्याने शिकविण्यास आरंभ केला, आणि त्याचे दुसरे विद्यालय १९६४ मध्ये ओकलंडला निघाले, एवढे येथे पुरे.

ही सारी हकीकत आम्ही त्या मुलास दोनतीन बैठकींत सांगितली. तीत आम्ही एक गोष्ट जाणूनबुजून घातली, ती उल्हासनगरची. महायुद्धात तेथे लष्कराची कल्याण छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांस तिच्या बराकींत जागा मिळाली, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजगोपालाचारींच्या हस्ते कोनशिला बसून तिचे उल्हासनगर झाले. वस्त्यांस 'कॅम्प' म्हणून क्रमांक लावण्याची चाल अजून आहे. या लोकांच्या मुलखात 'मलाखडो' नावाची कुस्ती खेळतात. प्रतिस्पर्ध्याच्या कमरेस गुंडाळलेले कापड पकडून त्यास उलथवावयाचे, असा तिचा प्रकार. शब्दात आमचा 'मल्ल' आहे, आखाडा मात्र निराळा. वस्ताद सिंधी, त्यांच्या घरी हे कोणी खेळत असे काय, ते विचार, असे आम्ही सुचविले.

मुलाने विचारण्यास महिना लावला. एके गुरुवारी सरावानंतर सभागृह झाडता झाडता त्याने विषय काढला. वस्ताद बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले की, आजोबा मलाखडो खेळत; आपण लहानपणी एका तालमीत कुस्तीच शिकत होतो, आणि एकोणिसाव्या वर्षी ती सोडून या चिनी विद्येकडे आलो. तालमीच्या वस्तादांनी त्यानंतर आपल्याशी शेवटपर्यंत भाषण केले नाही. रस्त्यात भेटले तरी मान वळवीत. एवढे सांगून त्यांनी मुलाच्या हातची झाडू घेतली आणि उरलेला भाग स्वतः झाडून काढला. बदलापूरचा विषय त्यांनी काढला नाही, आणि जाऊ नकोस असेही पुन्हा सांगितले नाही.

तूर्त तो रविवारी पहाटे बदलापुरास आणि आठवड्यातील तीन संध्याकाळी उल्हासनगरास जातो. ओळ अद्याप शेवटचीच आहे.